पाहुण्यावर रोखलेली शिंगं

उंटपाळ हरासीस लोकांच्या माळावर त्या वर्षी असा दुष्काळ पडला की गोचिडींनी उंटांचा नाद सोडला आणि त्या जीपच्या टायरांना चिकटू लागल्या. खोटं वाटत असेल त्याने मुहादच्या जीपचे टायर बघावेत. दोन हिवाळे कोरडे गेले होते. पहाटे समुद्राकडून धुकं यायचं, तेवढंच काय ते पाणी. मुहादची बायको तफूल संध्याकाळी बाभळीवर घोंगड्या टाकून ठेवायची आणि उजाडताच त्या पिळून करडांची तहान भागवायची. ढग येत नव्हते असं नाही. पण बोलणं टाकलेल्या नातेवाइकाच्या दारावरून जावं, तसे तोंड फिरवून जायचे.

अशा वर्षात सम्हा निघून गेली.

सम्हा ही मुहादची सांडणी. रंग भाजलेल्या खजुराच्या बीसारखा, खालचा ओठ जरा लोंबता, त्यामुळे ती सदान्‌कदा कुणावर तरी रुसल्यासारखी दिसायची. मुहादच्या आजीला लग्नात मिळालेल्या सांडणीच्या वंशातली ती शेवटची. बाकीच्या काही विकल्या गेल्या, काही आटल्या, एक हैमाच्या रस्त्यावर टँकरखाली गेली. घरात दुसरं दुभतं जनावर म्हणजे शेळ्या, आणि शेळीच्या दुधावर पाहुण्याची बोळवण करायची तर हरासीस माणूस मान वर करत नाही. सम्हाचे दिवस भरत आले होते. ती धड व्याली तर घरात दूध, आणि पिल्लू मादी निघालं तर वंश. नाहीतर मुहादचा लाकडी वाडगा पालथा पडणार. माळावर ज्याचा वाडगा पालथा, त्याच्या घरापुढे येणारा-जाणारा गाडीचा वेगसुद्धा कमी करत नाही.

व्यायची वेळ आली की सांडणी एकांत शोधते. बऱ्या वर्षात ती जवळच्याच एखाद्या खोलगटात जाऊन बसते. वाईट वर्षात चाऱ्याचा वास हुंगत कुठवर जाईल, अल्लाला ठाऊक. मुहाद माग काढायला निघाला, आणि तिथेच त्याची पंचाईत झाली.

तरुणपणी त्याने लांबशिंगी पांढऱ्या हरणांच्या राखणीची नोकरी केली होती. खांद्याला बंदूक, डोळा ससाण्याचा. दगडावर सरडा चालला तरी त्याचा माग काढील अशी ख्याती, आणि ती बरीचशी त्याने स्वतःच पसरवलेली. पण आता दोन्ही डोळ्यांत धुकं शिरलं होतं, आणि हे धुकं सूर्य वर आला तरी जात नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका हरवलेल्या उंटाचा माग काढत तो अख्खा दिवस वाऱ्यात चालला. संध्याकाळी माग एका छपरापाशी आला. मुहादने रीतसर दुरून खाकरून पाहुण्यासारखा सलाम घातला. आतून तफूल म्हणाली, "मागच्या बाजूने का आलास?" छप्पर त्याचंच होतं.

झालं ते एवढंच. पण ते पाहिलं मबखूतने, त्याच्या चुलतभावाने. मबखूतला गोष्ट मिळाली म्हणजे भुकेल्या बोकडाला पोतं मिळालं. त्याने ती लग्नात सांगितली, शर्यतीत सांगितली, मयतीला जमलेल्यांना सांगितली. दर वेळी ती थोडी वाढायची. आधी मुहादने नुसता सलाम घातला होता. मग त्याने तफूलला तिचं गोत विचारलं. शेवटी शेवटी तर तो स्वतःच्याच घरी तीन दिवस पाहुणा राहिला, चौथ्या दिवशी यजमानाला दुवा देऊन निघून गेला, इथवर मजल गेली. मुहादने त्याच्याशी बोलणं टाकलं. दोघांची छपरं अशी शेजारी की एकाच्या जीपचं दार आपटलं की दुसऱ्याची शेळी दचकावी. पण सलाम जायचा तो बायकांमार्फत.

तर माग लागेना. मग मुहादची मुलगी मौज़ा हिने ड्रोन काढला. दुक्मच्या बंदरावर नोकरीला असलेल्या भावाने तो परवान्याच्या कागदासकट तिला धाडला होता. मौज़ा पंचविशीची, जीप अशी हाकायची की मागे बसलेल्या शेळीने कलमा पढावा. बापाने त्या यंत्राला पहिल्या दिवशीच 'टोळ' नाव ठेवलं. त्याच्या मते टोळ आला की काहीतरी खाऊनच जातो.

सकाळी कामं संपेतो कुणाला सवड नसायची. तफूल करडं सोडायची. मौज़ा टाकीतून पाण्याचे डबे भरून कुंडात ओतायची. मुहाद उरलेल्या उंटांपुढे सुक्या तारल्या टाकायचा. गवत नाही तर मासे, दुष्काळात उंट तेही खातो, आणि मग त्याच्या ढेकरेने मैलभरावरची माशी मरते. धुकं उठलं की बापलेक जीप घेऊन टेकाडावर जायची. टोळ घोंघावत उठायचा. मौज़ाच्या हातातल्या रिमोटच्या पडद्यावर माळ सरकत जायचा: बाभळी, जुनी चाकोरी, कुणाचे तरी उंट. पण पांढऱ्या मुरमाचा पट्टा ओलांडला रे ओलांडला की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे, मग ते गोठायचं, आणि टोळ भ्यालेल्या करडासारखा आपला आपण माघारी यायचा. पट्ट्याच्या अलीकडे सम्हा नव्हती. म्हणजे ती पलीकडे, हुक्फच्या दरडीकडे गेली होती. तिकडे वाट अशी की जीप न्यायची तर नेमकं कुठे, ते आधी माहीत हवं. अंदाजाने शिरलेला माणूस पाणी संपेपर्यंत खडकांत गोल गोल फिरतो.

एका दुपारी मुहाद परतला तर तफूल खोक्यावर बसली होती. मबखूत जीप घेऊन आला होता म्हणे. खाली उतरला नाही. हात काखेत दाबून नुसता स्टिअरिंगमागे बसून राहिला, आणि मागच्या हौद्यातलं खोकं तिलाच उचलून घ्यायला सांगून निघून गेला. त्याच्या थोरल्याने आपल्या ड्रोनसाठी लांब पल्ल्याच्या अँटेना आणल्या होत्या. ड्रोन विजेच्या खांबावर आपटून मेला, अँटेनांची ही शिंगं तेवढी उरली. सम्हासाठी वापरा, एवढाच निरोप.

मुहाद खोक्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, परत दे. ज्याला खाली उतरून दोन शब्द बोलता येत नाहीत, त्याची वस्तू घरात नको.

तफूल उठली नाही. "मौज़ाच्या बापा," ती म्हणाली, "तुझ्याशी दोन शब्द बोलायचे तर माणसाला आधी तुझ्याकडून दोन शब्द यावे लागतात. आणि सम्हाला काय माहीत शिंगं कुणाची?"

मुहादने कुंडाशी जाऊन उंटांच्या पाण्यावरचा कचरा काढला. मग म्हणाला की खोकं उन्हात तापेल, आत ठेव.

पुढचं काम मौज़ाचं. रिमोटच्या जुन्या अँटेना बोटाएवढ्या. नव्या दोन, हातभर लांब, काळ्या, बुडाशी बिजागरी, हव्या तिकडे वाकवाव्यात अशा. रिमोटची पाठ उघडून आतल्या केसासारख्या वायरी सोडवायच्या आणि नव्या वायरींची टोकं तिथे बसवायची. टोकावरची टोपी मसुराएवढी. जीपच्या फाळक्यावर तिने चादर अंथरली, आईची गोधडी शिवायची सुई घेतली, आणि बापाला रिमोट घट्ट धरून ठेवायला लावलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. मुहादच्या नाकाला नेमकी तेव्हाच खाज सुटली. एक टोपी बसेपर्यंत त्याने सोसलं. दुसऱ्या टोपीला त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तफूलने पदराच्या टोकाने त्याचं नाक खाजवलं आणि म्हणाली, हरणांचा राखणदार तो हाच.

टोप्या टच्‌कन बसल्या. पाठ बंद झाली. मौज़ाने खोक्यातला चित्रांचा कागद बघायला हात घातला तर हात रिकामा आला. तफूलची लाडकी काळी शेळी फाळक्याखाली उभी राहून शांतपणे रवंथ करत होती. तिच्या ओठाबाहेर कागदाचा एक कोपरा राहिला होता, तोही बघता बघता आत गेला. त्या कागदावर या अँटेना कशा धरायच्या त्याची चित्रं होती. ती शेळी पुढे आयुष्यभर इतरांपेक्षा शहाणी वागली, असं तफूल सांगते.

मुहादला कागदाची गरज वाटली नाही. लांबचा वेध घ्यायचा तर नळी वेधाकडे करायची, हे त्याला आईच्या दुधासोबत मिळालेलं ज्ञान. दुसऱ्या दिवशी टेकाडावर त्याने दोन्ही शिंगं पुढे वाकवली, रिमोट स्वतः धरला, डावा डोळा मिटला आणि शिंगांची टोकं उडत्या टोळावर रोखली. मौज़ा बापाच्या काखेखालून हात घालून अंगठ्याने टोळ चालवायची. बाप नेम धरतो, लेक उडवते, अशी ती चार हातांची बंदूक. मौज़ाला ते चुकीचं वाटलं नाही. तीही त्याच घरातली. तिच्या आजोबांच्या छपरात बंदुका होत्या, तशी अँटेना कधी नव्हती.

टोळ मुरमाच्या पट्ट्यापर्यंतसुद्धा गेला नाही. जुनी बोटभर अँटेना जिथवर पोचायची, तिथवरही नव्या हातभर शिंगांना दम निघेना. चित्र फुटलं, गोठलं, टोळ माघारी आला. पुन्हा उडवला, मुहादने आणखी घट्ट नेम धरला, आणि चित्र आणखी लवकर गेलं. जितका नेम अचूक तितकं चित्र वाईट.

मुहाद जीपच्या सावलीत बसला. म्हणाला, कळलं. ही शिंगं मेलेल्या ड्रोनची नव्हतीच. शिंगं मेलेली होती म्हणून ड्रोन खांबावर गेला. आणि आता मबखूतला नवी गोष्ट मिळणार. मुहादने स्वतःच्याच ड्रोनला कसं आंधळं केलं, ती. लग्नसराई जवळ आली आहे. त्याच्या बोलण्यात राग होता, पण आवाज खाली पडलेला होता. सम्हाला जाऊन किती दिवस झाले हे तो बोलला नाही. ते तिघांनाही माहीत होतं.

त्यानंतरच्या सकाळी तफूलही टेकाडावर आली. घरी बसून वाट बघणं तिच्याने होईना. तिने चटई अंथरली, तीन दगड मांडले, कॉफी ठेवली. टोळ पूर्वेला उडाला. मुहाद चटईवर मांडी ठोकून, शिंगं पूर्वेला रोखून बसला. मौज़ा त्याच्या खांद्यावरून वाकून अंगठे हलवत होती. पडद्यावर माशा बसल्यासारखं चित्र तुटायला लागलं होतं, तेवढ्यात खालून जीप आली.

मबखूत उतरला. सलाम घातला, थेट मुहादला. आणि सलामाचं उत्तर न देण्याइतका मोठा राग माळावर अजून जन्मायचा आहे. मुहादने उत्तर दिलं. घर, उंट, पाऊस, सगळ्यांची खुशाली रीतीप्रमाणे विचारली गेली, आणि रीतीप्रमाणे सगळं छान आहे असं दोघांनी सांगितलं, एकाची सांडणी हरवलेली असताना आणि पाऊस दोन वर्षं नसताना. मबखूत चटईवर समोर बसला, पूर्वेकडे पाठ करून. तफूलने कॉफीचा पहिला पेला त्याच्यापुढे धरला. त्याने तो एका हाताने न घेता दोन्ही तळव्यांत धरला, तोंडाला न लावता जमिनीवर ठेवला, आणि हात अंगरख्यात लपवले.

कॉफी न पिता खाली ठेवली, म्हणजे पाहुणा मागणं घेऊन आला आहे. यजमान जोवर 'पी, तुझं मागणं दिलं' म्हणत नाही, तोवर पेला तिथेच राहणार. आणि काय मागणं आहे ते आधी विचारायचं नसतं.

मबखूत काय मागणार हे मुहादला लख्ख दिसलं, डोळ्यांत धुकं असूनही. सम्हाच्या पोटातलं पिल्लू. अँटेना पुढे केली ती त्यासाठीच. एरवी बोलणं टाकलेला माणूस फुकट कशाला देईल? तो हलेना. रिमोट हातात तसाच, शिंगं तशीच ताठ पुढे. टोळ पूर्वेला, मबखूतच्या पाठीमागे कुठेतरी, त्यामुळे दोन्ही टोकं बरोबर मबखूतच्या छातीवर.

तफूल हळूच म्हणाली, "मौज़ाच्या बापा, पाहुण्यावर नळी रोखून बसलायस."

मुहाद चपापला. कानशिलं तापली. आजोबा असते तर त्यांनी काठी घातली असती. पाहुणा समोर बसला की बंदुकीचं तोंड आभाळाकडे, हे पाळण्यातल्या पोराला कळतं. त्याने घाईघाईने दोन्ही शिंगं सरळ उभी केली, बैठकीत बंदूक मांडीशी उभी धरतात तशी.

"बाबा," मौज़ा म्हणाली, "आता हलू नका."

तिचा आवाज असा होता की मबखूतनेही मान वळवली. पडद्यावरच्या माशा उडून गेल्या होत्या. ही शिंगं बंदुकीसारखी टोकाने नव्हे, कुशीने लांबवर बघत होती. मुरमाचा पट्टा खाली सरकला, मागे पडला. पलीकडचा भुरा उतार आला, दगड एकेक करून दिसावेत इतका स्वच्छ. मौज़ाने न बोलता अंगठा दाबून धरला. टोळ जात राहिला. मुहाद शिंगं आभाळाकडे धरून असा बसला होता की त्याच्यावर पक्षी येऊन बसला असता तरी त्याने हाकलला नसता. नंतर मबखूत शपथेवर सांगायचा की खरंच एक चंडोल येऊन बसला होता.

दरडीच्या तोंडाशी एक वाळलेलं ग़ाफचं झाड. त्याच्या खोलगटात भाजलेल्या बीच्या रंगाचं काहीतरी. ते उठलं, गोल फिरलं, पुन्हा बसलं. मौज़ाने टोळ खाली नेला. सम्हाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं, खालचा ओठ लोंबता. ती कुशीवर कलंडली तेव्हा शेपटीखाली एक पाय बाहेर आलेला दिसला. एकच.

मुहादने उंटांचं बाळंतपण आयुष्यभर केलं होतं. दोन पाय आणि त्यावर नाक यायला हवं. एकच पाय म्हणजे दुसरा आत दुमडलेला. अशी सांडणी सकाळ काढते, दुपार काढत नाही.

तो अर्धा उठला आणि पेल्याकडे बघून थबकला. कॉफीची वाफ विरत चालली होती. पाहुण्याने कॉफी प्यायच्या आत उठून जाणं म्हणजे त्याला नाही म्हणणं. मबखूतही उठला नव्हता, पण त्याचे डोळे पडद्यावरून हटत नव्हते, आणि तो पुटपुटत होता, "जा, जा ना, मी थांबतो." तो मनापासून म्हणत होता. हे मुहादने ऐकलं. शिंगं त्याची. तो समोर बसला नसता तर ती कधी उभी झाली नसती. पिल्लू तर पिल्लू. सम्हा वाचली की पुढच्या हिवाळ्यात दुसरं होईल. आणि नाही झालं, तरी ती वाचलेली असेल.

"मबखूत, कॉफी पी," तो म्हणाला. "जे मागायला आलास ते तुझं."

मबखूतने पेला पुन्हा दोन्ही तळव्यांत घेतला. अर्धी कॉफी दाढीवर सांडली. थंडी आहे, म्हणाला. ऊन चांगलं पाठीवर आलं होतं. मागणं काय ते ऐकायला मुहादने त्याच्या तोंडाकडे बघितलं, तर तो जीपकडे चालू लागला होता. मागणं कुठे पळून जात नाही, आधी सांडणी, म्हणाला.

टोळ माघारी बोलावला, तफूल शेकोटीपाशी थांबली. मौज़ाने जीप घातली. दरडीकडची वाट आता डोळ्यांपुढे होती: पट्टा ओलांडून डावीकडे, दोन काळ्या खडकांमधून, मग कोरड्या ओढ्याने खाली. मागे हौद्यात दोघे म्हातारे, सम्हासाठी रोज बरोबर घेतलेला तुपाचा डबा आणि दोरी धरून एकमेकांवर आदळत होते. माळावरचं सगळ्यात लांब मौन त्या दिवशी त्या हौद्यात होतं. मधे एकदा मुहादचं डोकं मबखूतच्या हनुवटीला लागलं तेव्हा दोघांनी 'बिस्मिल्ला' म्हटलं, तेवढंच.

सम्हाने त्यांना ओळखलं. उठायचा प्रयत्न केला, जमला नाही. मुहाद तिच्या मागे गुडघ्यांवर बसला, बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, हाताला तूप चोपडलं. आत हात घातला तेव्हा त्याने डोळे मिटले. इथे धुकं आड येत नव्हतं. डोकं सापडलं, मान सापडली, तिच्या खाली दुमडलेला गुडघा. कळ आली की सम्हाचं अंग त्याचा हात असा आवळायचं की बोटं बधिर व्हायची. कळ ओसरली की तो पिल्लाला मागे ढकलायचा आणि खूर मुठीत झाकून पुढे ओढायचा, आतून काही फाटू नये म्हणून. घाम भुवईवरून डोळ्यांत येत होता. मौज़ा सम्हाचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कानात बोलत होती. शेवटी दुसरा पाय आला. मुहादने दोन्ही पायांना दोरी बांधली आणि टोक मागे फेकलं. मबखूत, ओढ.

दोरी ताणली आणि सुटली. पुन्हा ताणली, पुन्हा सुटली.

मुहादचा तोल गेला. मागे न बघता तो म्हणाला, "लग्नात गोष्ट सांगताना अख्खी पंगत धरून ठेवतोस. इथे एक दोरी धरवत नाही?"

त्याने मान वळवली. मबखूत दोरीकडे बघत उभा होता. त्याचे हात पुढे होते आणि थरथरत होते, थंडीने थरथरतात तसे नाही. बोटं आत वळलेली, मूठ पुरती मिटतच नव्हती. माळावर सगळ्यांत घट्ट गाठ मारणारा माणूस तो.

कुणी काही बोलायच्या आत मौज़ा उठली. तिने दोरी मबखूतच्या कोपराखाली दोन वेढे घेऊन गुंडाळली, वर आपली ओढणी बांधली आणि म्हणाली, "काका, हातांनी नको. मागे झुका, नुसते झुका."

मबखूत झुकला. सगळं अंग मागे टाकलं. सम्हाने दीर्घ, खालून आल्यासारखा आवाज काढला. मुहादने मान सांभाळली, खांदे आले, आणि मग एकदम सगळं पिल्लू त्याच्या मांडीवर सांडलं, ओलं, गरम, चारही पाय भलतीकडे. मबखूत मागच्या मागे वाळूत उताणा पडला. मुहादने बोटाने नाकपुड्या साफ केल्या, नाकात फुंकर मारली, गवताची काडी फिरवली. पिल्लू शिंकलं. माळावर त्या दिवसाइतकी मोठी शिंक कुणी ऐकली नाही. हैमापर्यंत ऐकू गेली असेल, वारा तिकडचा असता तर.

मादी होती.

सम्हाने मान लांब करून तिला हुंगलं. मुहाद तिथेच बसून राहिला. हात कोपरापर्यंत रक्ताने आणि तुपाने माखलेले, ते त्याने पुसलेसुद्धा नाहीत. अल्लाचे आभार त्याने इतक्या हळू मानले की मौज़ाला फक्त ओठ हललेले दिसले. मग त्याने पिल्लाच्या मानेवरून हात फिरवला आणि मबखूतकडे बघून म्हणाला, "घे. तुझी आहे. आईचं दूध सुटेपर्यंत इथे राहू दे, मग ने."

मबखूत वाळूत उठून बसत होता. त्याला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि खोकता खोकता दुसरंच काहीतरी व्हायला लागलं, तेव्हा त्याने तोंड फिरवलं.

"पिल्लू कशाला मागू?" तो म्हणाला. "मला दुधाचंच ओझं झालंय."

मग त्याने सांगितलं. घरी दोन सांडण्या दुधात, दोघींची पिल्लं दुष्काळात गेलेली. कासा दगडासारख्या झालेल्या. त्याचे हात गेल्या उन्हाळ्यापासून असे. तो धार काढायला गेला की बोटं कापतात, सांडणीला गुदगुल्या होतात की वेदना कोण जाणे, ती लाथ मारते. मुलगे बंदरावर, महिन्याकाठी एकदा येतात. घरात बायको आहे, सुना आहेत, पण सांडणीच्या सडाला बाईचा हात लावत नाहीत, हे काय मुहादला सांगायला हवं? लोकांना सांगावं तर सगळा माळ म्हणणार, मबखूतचे हात गेले.

"गोष्ट चांगली झाली असती," तो म्हणाला. "म्हणूनच सांगितली नाही." मग म्हणाला, "तुझा हात मागायला आलो होतो. सकाळ-संध्याकाळ. रिकामं यायला लाज वाटली, म्हणून आधी शिंगं आणली. तेव्हाही जीपमधून खाली उतरायचा धीर झाला नाही."

मौज़ा म्हणाली की ड्रोन उडवायला बाईचा हात चालतो, दोरी बांधायला चालतो, सडाला तेवढा नाही, हे कुणीतरी एकदा तिला समजावून सांगावं. दोघा म्हाताऱ्यांनी एकदमच सम्हाकडे बघितलं, जणू उत्तर तिला माहीत होतं. सम्हाने ओठ लोंबवला.

इतकी वर्षं आपल्याकडे कुणी काही मागितलेलं नव्हतं, हे मुहादच्या आत्ता लक्षात आलं. डोळे गेले तसं लोक त्याला नुसतं विचारायचे, बरा आहेस ना. आणि इथे एक माणूस त्याचे हात मागत होता, ते अजून धड आहेत हे ओळखून. त्याने हात वाळूत घासले, उठला आणि मबखूतला काखेत धरून उभं केलं.

पुढे रीतच पडली. उजाडायच्या सुमाराला धुकं असं दाट की त्यावर फडकं वाळत घालावं. मुहाद त्यातून चालत मबखूतच्या छपराकडे जायचा. वाट दिसायची नाही, पण मबखूत तिकडून मोठ्याने बोलत राहायचा, आवाजाच्या मागावर मुहाद बरोबर पुढच्या दाराने पोचायचा. एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर टेकवायचा, मांडीवर लाकडी वाडगा ठेवायचा आणि बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून धार काढायचा. पहिले काही दिवस सांडणी बिचकली. मग तिने पान्हा सोडला. धुक्यात दुधाची वाफ मिसळून जायची.

मबखूत जवळ बसून गोष्ट घोळवायचा. लग्न तोंडावर आलं होतं.

"अशी सांगतो," एका सकाळी तो म्हणाला. "मुहादने पाहुण्यावर बंदूक रोखली. पाहुणा म्हणाला, मार. तेव्हा मुहादला लाज वाटून त्याने बार आभाळात काढला, आणि आभाळातून सांडणी पडली."

"दुनळी बंदूक म्हण," मुहाद म्हणाला. "एका नळीने सांडणी, दुसरीने पिल्लू."

मबखूतने क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि मान डोलावली. ही जोड त्याला सुचली नव्हती.

वाडगा भरला. फेस काठावर आला. जो धार काढतो तो आधी पीत नाही, ही जुनी रीत. मुहादने वाडगा मबखूतच्या ओठांशी धरायला पुढे केला. मबखूतने मान हलवली. दोन्ही मनगटं जोडून त्याने वाडगा खालून उचलून घेतला आणि तोच मुहादच्या तोंडाकडे नेला. हात कापत होते. दूध मुहादच्या मिशीवर आलं, दाढीवर आलं, अंगरख्याच्या आत गळ्यापासून पोटापर्यंत ओघळलं. खाली तफूलची काळी शेळी केव्हाच येऊन उभी होती. ती वाळूवरचे थेंब चाटत होती.

मुहादने डोळे मिटले, आणि तोंडापर्यंत जेवढं पोचलं तेवढं सगळं प्यायला.